कालव्यावर पहिल्यांदाच बोट नेताय? लॉकची दारं सांभाळून कशी ओलांडाल

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की इथल्या, इंग्लंडातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. "आम्ही या वर्षी नॅरोबोट घेतोय आठवडाभर. अवघड असतं का हो?" नॅरोबोट म्हणजे कालव्यातून जाणारी लांबट, अरुंद बोट. ती चालवणं अवघड नाही. पायी चालण्याच्या वेगानेच जायचं असतं, ताशी चार मैलांची मर्यादाच आहे. खरी काळजी घ्यायची ती लॉकमध्ये, म्हणजे बोटीला वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या हौदात, आणि लॉकमध्येही सगळ्यात जास्त दारांची. बोटीला लागलं तर तुमची सुट्टी बिघडते. दाराला लागलं तर कालवाच बंद पडतो आणि मागेपुढे असलेल्या प्रत्येकाची सुट्टी बिघडते.

आमचं कुटुंब लेस्टरला राहतं. बारा वर्षं झाली, दर वर्षी एकदा तरी आम्ही ग्रँड युनियन कालव्याच्या लेस्टर फाट्यावर बोट घेतो. त्यातून जे कळलं ते नवख्यांसाठी लिहिते आहे.

आधी दार म्हणजे काय ते समजून घ्या

आपल्याकडे कालवा म्हटला की शेतीचं पाणी डोळ्यांपुढे येतं. त्यात बोटी चालत नाहीत, म्हणून लॉक हा प्रकार आपल्याला नवा असतो. इंग्लंडातले हे कालवे बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मालवाहतुकीसाठी खणले. वाटेत चढ आला की पाण्याला पायऱ्या करायच्या. एकेक पायरी म्हणजे एक लॉक: दगडविटांचा लांबट हौद, वरच्या टोकाला एक दार, खालच्या टोकाला एक. बोट हौदात घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट आपोआप वर-खाली होते. पंप नाही, वीज नाही.

अरुंद लॉक साधारण सात फूट रुंद आणि बहात्तर फूट लांब असतं, आणि नॅरोबोट सहा फूट दहा इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच जागा. रुंद लॉक चौदा फुटांचं, त्यात दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. आमच्या फाट्यावर दोन्ही प्रकार आहेत. फॉक्स्टन आणि वॉटफर्डची लॉक अरुंद, आणि फॉक्स्टनच्या खाली लेस्टरकडे निघालात की किबवर्थपासून रुंद लॉक लागतात. (हे वॉटफर्ड नॉर्थॅम्प्टनशायरमधलं, लंडनजवळचं नव्हे. पाहुण्यांना पत्ता देताना हमखास गोंधळ होतो.)

खालच्या दाराला बहुधा दोन कवाडं असतात. ती सरळ रेषेत मिटत नाहीत, चढाच्या बाजूला टोक करून एकमेकांना टेकतात. वरच्या पाण्याचा दाब त्यांना एकमेकांवर घट्ट रेटतो. ना कडी ना कुलूप, पाणीच दार लावून धरतं. म्हणूनच दोन कवाडांच्या ज्या कडा एकमेकांना भिडतात त्या फार मोलाच्या. तिथून हाताएवढी ढलपी निघाली तरी पाणी गळायला लागतं.

ही दारं ओकच्या लाकडाची, हातानं बनवलेली. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे २०१२पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. ब्रॅडली आणि स्टॅनली फेरी इथल्या तिच्या कार्यशाळांत एकेक दार त्या त्या लॉकच्या मापानं घडवलं जातं. एका दारानं पंचवीसेक वर्षं टिकावं अशी अपेक्षा असते. दुकानातून तयार आणून बसवण्यासारखी ती वस्तूच नाही.

चार शब्द कानावर पडू द्या

पॅडल म्हणजे पाण्याची झडप. ती उचलली की पाणी वाहतं. जमिनीखालच्या मोरीवर असते ते ग्राउंड पॅडल, दारातच बसवलेलं असतं ते गेट पॅडल. विंडलस म्हणजे पॅडल फिरवायचा काटकोनी लोखंडी हँडल. बॅलन्स बीम म्हणजे दाराची लांबलचक लाकडी तुळई, तिला पाठ लावून दार ढकलायचं. सिल म्हणजे वरच्या दाराखालचा दगडी किंवा काँक्रीटचा उंबरा. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

लॉकपाशी पोचताना

नॅरोबोटीला ब्रेक नसतो. सत्तावन्न फुटांच्या बोटीचं वजन पंधरा टनांच्या घरात जातं आणि रिव्हर्स टाकला तरी ती लगेच थांबत नाही. लॉक दिसलं की लगेच वेग कमी करा, "अजून लांब आहे" म्हणू नका. लॉकच्या आधी बोट टेकवायला धक्का असतो आणि दोर गुंडाळायला खुंट असतात. तिथे लॉक चालवणारी माणसं उतरवा आणि बोट खुंटाला दोर घालून धरून ठेवा.

इथे आळस करू नका. लॉकच्या वर थांबला असाल आणि पुढे कोणी हौद भरायला घेतला, तर पाणी मोरीत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर तुमची बोटही दाराकडे सरकते. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत ती दारावर आदळलेली असते. लॉकच्या खाली थांबला असाल तर उलट: हौद रिकामा होताना पाण्याचा लोंढा बोटीला मागे आणि आडवं लोटतो.

उतरणाऱ्यांनी पायांत घट्ट, न घसरणारे बूट घालावेत. बायकांनी ओढणी, स्कार्फ बोटीतच ठेवावा; पॅडलच्या दातेरी चाकात तो अडकायला क्षण पुरतो. पोहता येवो न येवो, मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. दारावरून पलीकडे जायचं तर दार पूर्ण मिटलेलं असताना, कठड्याला धरून. दोन कवाडांमधल्या फटीवरून उडी मारू नका.

दार उघडायला ताकद लावावी लागली, म्हणजे वेळ झालेली नाही

हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी दारांचं अर्धं नुकसान टळेल.

पहिल्या वर्षी माझे धाकटे दीर तुळईला पाठ लावून लालबुंद झाले होते. "वहिनी, दार जाम झालंय!" मी पाण्याकडे बोट दाखवलं. "जाम नाही झालं, भाऊजी. पाणी बघा, अजून चार बोटं खाली आहे." ते म्हणाले, "चार बोटांनी काय होतंय?"

काय होतं ते हिशेबानं बघा. दार दोन मीटरपेक्षा थोडं रुंद आणि पाण्यात दीड मीटर बुडालेलं धरलं, तर पाण्याखालचं क्षेत्रफळ झालं तीन चौरस मीटरच्या वर. दोन्हीकडच्या पाण्यात फक्त पाच सेंटिमीटरचा फरक असला तरी दारावर दीडशे किलोहून जास्त भार असतो. अशा वेळी दोघातिघांनी रेटा दिला, किंवा बोटीनं मागून ढकललं, तर तो सगळा ताण दाराच्या बिजागरीच्या पट्ट्यावर आणि तुळईच्या सांध्यावर येतो. दोन मिनिटं थांबलात तर तेच दार एका माणसाच्या पाठीनं हलतं. सुरुवातीला अगदी सावकाश, मग स्वतःच्या वजनानं. पाय टेकायला तिथे उंचवट्याच्या विटांची कमान केलेली असते, तिचा आधार घ्या.

पाणी एका पातळीला आलं हे ओळखायचं कसं? पॅडलपाशी पाण्याची खळबळ थांबते, दाराच्या फटीतून येणारी धार मरते, आणि बीमला नुसती पाठ लावली तरी दार किंचित सैल झाल्यासारखं वाटतं. एकदा हाताला कळलं की पुन्हा विसरत नाही.

बोटीच्या तोंडानं दार उघडणारे किंवा लावणारे लोक तुम्हाला दिसतील. वर्षानुवर्षं बोटीवर राहणारेही कधी कधी करतात. त्यांचं बघून करू नका.

दार मिटतानाही तीच काळजी. एकदा दारानं वेग धरला की टनावारी वजनाचं लाकूड थांबवणं अवघड. शेवटच्या दोन फुटांत त्याला मागे ओढून धरा म्हणजे ते हलकेच टेकेल. दोन कवाडं असतील तर दोघांनी एकमेकांकडे बघत एका चालीनं लावावीत.

आणि दार पूर्ण उघडत नसेल तर बोट घुसवू नका. मागे फांदी, ओंडका, क्वचित फुटबॉलसुद्धा अडकलेला असतो. बोटीवर आकडीची काठी असते, तिनं काढा.

वर चढताना

हौद रिकामा असला, पाणी तुमच्या पातळीला आलं, की खालचं दार उघडा. रुंद लॉकमध्ये शिरायचं तर दोन्ही कवाडं पूर्ण उघडा. एकच उघडून "बोट मावतेय की" म्हणत आत जाण्याचा मोह होतो, आणि तिथेच आमच्या हातून चूक झाली होती. किबवर्थच्या खाली एका लॉकमध्ये मी स्वतः सुकाणू धरलं होतं. वाऱ्याच्या एका झोतात बोटीचं तोंड दोनेक फूट सरकलं आणि बंद कवाडाच्या नेमक्या कडेवर आपटलं. आवाज फार मोठा नव्हता. पण मग हौद भरेना. वरून पाणी यायचं तितकं खालच्या फटीतून निघून जायचं, चार-पाच बोटं फरक काही केल्या भरून निघेना, आणि त्यामुळे वरचं दार उघडेना. दुरुस्तीची माणसं येईपर्यंत आमच्या मागे पाच बोटी खोळंबल्या. त्यातल्या एका आजोबांनी आम्हाला चहा करून दिला, रागाचा एक शब्द काढला नाही. त्या कडेवरचं पांढरं, ताजं फुटलेलं लाकूड मला आजही दिसतं. दुसरं कवाड उघडायला तीन मिनिटं लागली असती.

बोट आत घेताना इंजिन अगदी मंद, तोंड मध्यावर. मागचं टोक खालच्या दारांच्या वाटेतून पुढे आलं पाहिजे, कारण ती कवाडं हौदाच्या आत उघडतात आणि मिटताना सुकाणूला लागू शकतात. तोंड मात्र वरच्या दाराला टेकवू नका. पाणी चढताना पुढचं गादीसारखं फेंडर दाराच्या आडव्या लाकडाखाली अडकलं तर बोटीचं तोंड दबून राहतं आणि पाणी वर येत राहतं. त्यातून बोटही बुडू शकते आणि दारही उचकटू शकतं.

खालचं दार लावा, खालची पॅडल बंद आहेत ना ते डोळ्यांनी बघा. मग वरचं ग्राउंड पॅडल अर्धं उघडा. रुंद लॉकमध्ये बोट ज्या भिंतीशी आहे त्याच बाजूचं पॅडल आधी उघडा. पाणी बोटीखालून जाऊन समोरच्या भिंतीला आपटून परत येतं आणि बोटीला आपल्याच भिंतीशी धरून ठेवतं. बोट शांत राहिली की बाकीचं उघडा. गेट पॅडल सगळ्यात शेवटी, आणि ते पाण्याखाली गेल्यावरच. आधी उघडलंत तर धबधबा थेट बोटीच्या पुढच्या भागात पडतो.

विंडलस फिरवून झाला की दाताची खुंटी चाकात नीट बसलीय का ते बघा आणि विंडलस काढून हातात घ्या. तो चाकावर सोडून कधीही बाजूला होऊ नका. खुंटी सुटली तर तो पंख्यासारखा गरगरतो आणि माणसाचं हाड मोडतो. पॅडल बंद करतानाही फिरवत खाली आणा. खुंटी काढून धाडकन सोडायची सवय वाईट आहे: बिडाचे दात तडकतात, झडप नीट बसत नाही, आणि रात्रभर पाणी वाहत राहतं.

खाली उतरताना: उंबरा विसरू नका

उतरणं सोपं वाटतं, कारण भरलेल्या हौदात बोट तरंगत असते आणि सगळं शांत असतं. नवख्यांच्या बोटी बुडतात त्या मात्र बहुतेक उतरतानाच.

वरच्या दाराखालचा तो उंबरा हौदाच्या आत पुढे आलेला असतो, काही ठिकाणी चांगला पाच फूट. पाणी उतरायला लागलं आणि बोटीचं मागचं टोक त्या उंबऱ्यावर असलं, तर मागचं टोक अडकून बसतं, तोंड खाली खाली जातं आणि बोटीच्या पुढच्या दारातून पाणी आत शिरतं. मिनिटांचा खेळ असतो. म्हणून हौदाच्या काठावर पांढरी रेघ रंगवलेली असते. तुमच्या बोटीचं सगळ्यात मागचं टोक, सुकाणूसकट, त्या रेघेच्या पुढे हवं. सुकाणू धरणाऱ्यानं पूर्ण वेळ तिच्याकडे लक्ष ठेवायचं. त्या वेळी फोन नाही, फोटो नाही.

पण फार पुढेही जाऊ नका. खालची कवाडं आत उघडतात, तोंड त्यांना चिकटलं असेल तर ती उघडणारच नाहीत.

दोर खुंटाला बांधून ठेवू नका. एक वळसा घालून हातात धरा आणि बोट उतरेल तसा सोडत जा. बांधलेल्या दोरावर अख्खी बोट लटकते. खालची पॅडल आधी थोडी उघडा, सुकाणूवरच्याकडे बघा, त्यानं हात वर केला की पूर्ण उघडा. आमच्याकडे खुणा ठरलेल्या आहेत: अंगठा वर म्हणजे चालू दे, दोन्ही हात डोक्यावर फुली करून म्हणजे पॅडल ताबडतोब बंद. इंजिनच्या आणि पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत.

बोट अडकलीच, तर आधी खालची पॅडल बंद. पाणी उतरणं थांबलं की मग वरून हळूहळू पाणी घ्या म्हणजे बोट पुन्हा तरंगेल. क्रम उलटा करू नका, आणि जिथे अडकली आहे तिथे रेटून सोडवायला जाऊ नका. बोटीत कोणी असेल तर त्यांना आधी बाहेर काढा. हे बोट सुरू करायच्या आधीच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. माझ्या सासूबाईंनाही सगळं पाठ आहे.

फॉक्स्टनचा जिना

आमच्या भागात आलात तर फॉक्स्टन चुकवू नका. १८१४ साली सुरू झालेली दहा लॉक, पाच-पाचच्या दोन जिन्यांत, ७५ फुटांचा चढ. जिना म्हणजे मधे मोकळा कालवाच नाही. एका हौदाचं वरचं दार तेच पुढच्या हौदाचं खालचं दार. इथे क्रम चुकला तर पाणी काठावरून वाहतं किंवा हौद कोरडा पडतो. त्यासाठी पॅडल रंगवलेली आहेत. आधी लाल, मग पांढरं. हंगामात लॉककीपर असतात, त्यांतले बरेच स्वयंसेवक. आधी चालत वर जाऊन त्यांना भेटा, ते सांगतील तेव्हाच बोट हलवा. शंका असेल तर मोकळेपणानं विचारा, ते फार आपुलकीनं शिकवतात. मला दार कसं अलगद टेकवायचं ते अशाच एका बाईंनी इथेच शिकवलं. त्या सत्तरीच्या पुढच्या होत्या, आणि दार त्यांच्या नुसत्या पाठीनं हलत होतं.

समोरून बोट येत असेल तर

लॉक त्यांच्या बाजूनं तयार असेल तर थांबा, त्यांना आधी येऊ द्या. हे नुसतं सौजन्य नाही, पाण्याची बचत आहे. बावीस मीटर लांब, दोन मीटरच्या वर रुंद आणि दोन मीटर चढाचं अरुंद लॉक धरलं तर एका वेळी नव्वद हजार लिटर पाणी खाली जातं. दहा हजार लिटरचे नऊ टँकर. ज्यांनी गावाकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे त्यांना हा आकडा समजावून सांगायला नको. इथेही कोरड्या उन्हाळ्यात वरचे टप्पे (दोन लॉकमधला कालवा) आटतात आणि लॉक ठराविक वेळेतच उघडी ठेवावी लागतात. रुंद लॉकमध्ये मागून दुसरी बोट येताना दिसली तर तिच्यासाठी थांबा आणि दोघी मिळून जा.

दाराला काही झालंच तर

धक्का लागला, लाकूड फुटलं, पॅडल खाली बसेना, तर निघून जाऊ नका. जी पॅडल बंद करता येतील ती करा, दारं लावा आणि ट्रस्टला लगेच फोन करा. नंबर लॉकपाशी पाटीवर असतो, बोटीच्या कागदांतही असतो. लॉकचा क्रमांक तिथे लिहिलेला असतो, तो सांगा. बोट देणाऱ्या कंपनीलाही कळवा. रात्रीतून वरचा टप्पा रिकामा झाला तर सकाळी तिथल्या बोटी चिखलात बसलेल्या सापडतात, मासे मरतात. वेळेत केलेला एक फोन हे टाळतो.

निघताना

लॉकमधून बाहेर पडल्यावर बोट धक्क्याला लावा आणि ज्यानं दार लावलं त्यानंच एक चक्कर मारावी. सगळी पॅडल खाली आहेत का, दार पूर्ण मिटलंय का, फटीतून नवी धार येत नाही ना. मागून बोट येत असेल आणि तिच्यासाठी दार उघडं ठेवायचं असेल तर त्यांना हात करून विचारा. विंडलस मोजा, सुरुवातीला दोन दिलेले असतात आणि एक नेहमी तुळईवर विसरतो. मग मुलं मोजा, सासूबाई चढल्या का बघा, आणि दोर सोडा.